गाडी कुठे लावायची?



या सदरात आम्ही बहुधा घरातलेच विषय घेतो. मुलांची शाळा, सुनेचे बाळंतपण, म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू, लग्नातला नको तो खर्च. आजचा विषय वाचून काहीजण हसतील. म्हणतील, समाजापुढे एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना या सदरवाल्यांना सुचले काय, तर पार्किंग! हसा, आमची हरकत नाही. महिन्याभरापूर्वी आम्हीही हसलो असतो. पण आमच्या घरातली एक मुलगी त्या पार्किंगपायी रात्री सव्वानऊला चिखलाने भरलेले पाय घेऊन दारात उभी राहिली, आणि मग हा विषय हसण्यावारी नेता येईना.

आम्ही कामोठ्यात राहतो. ज्यांनी कामोठे पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायन-पनवेल महामार्गालगतची, सिडकोने वसवलेली ही वसाहत. एका बाजूला मानसरोवर, दुसऱ्या बाजूला खांदेश्वर स्टेशन. पूर्वी इथे भातशेती होती, खाडीचे पाणी होते. आता साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारतीला इमारत लागलेली आहे. मुंबईच्या चाळींतून, झोपडपट्ट्यांतून, गावाकडून आलेली आपली पुष्कळ कुटुंबे इथे वन रूम किचनचे हप्ते फेडत राहतात. संध्याकाळी सातनंतर आमच्या सेक्टरातून चालून पाहा. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, फुटपाथवर गाड्या, आणि माणसे मधून चालतात. तेव्हा गाडी लावायला जागा नसणे हे आम्हाला नवे नाही. नवे होते ते पुढचेच.

आमची धाकटी मुलगी एम.एस्सी. करते. कॉलेज कामोठ्यातले नाही, चांगले लांब आहे. त्या विद्यापीठाचे नाव आम्ही देत नाही. एक तर हा प्रश्न एकट्या त्या संस्थेचा नाही, आणि दुसरे, मुलीचे अजून एक वर्ष तिथे जायचे आहे. आमच्या सात पिढ्यांत एम.एस्सी.च्या वर्गात बसलेली ती पहिली. तिची प्रयोगशाळा संध्याकाळी साडेसातपर्यंत चालते. त्यानंतर बस मिळाली तर मिळाली. नाहीतर शेअर रिक्षाने हायवेपर्यंत यायचे आणि पुलाखाली अंधारात उभे राहायचे. वर्षभर तिच्या आईने त्या वेळेला घड्याळाकडे पाहत भाकरी थापल्या. शेवटी भिशीचे पैसे आले, त्यात मुलीच्या आईने आपली कानातली मोडून भर घातली आणि चौतीस हजाराला एक जुनी स्कूटर घेतली. ती स्कूटर म्हणजे आमच्या घरात चैन नव्हती. मुलगी उजेडाची भीती न बाळगता शिकावी आणि अंधाराची भीती न बाळगता घरी यावी, एवढाच तिचा अर्थ होता.

त्या विद्यापीठाच्या आवारात गाड्यांसाठी तीन जागा आहेत. इमारतीसमोर सावलीत अधिकारी व प्राध्यापक यांची. बाजूला पाहुण्यांची. आणि कॅन्टीनमागे पत्र्याची शेड विद्यार्थ्यांची. शेडमध्ये दाटीवाटीने शंभरेक दुचाक्या राहतात, येतात त्याच्या तिप्पट-चौपट. विद्यार्थ्यांकडून वर्षाचे बाराशे रुपये घेऊन स्टिकर देतात. आमचा समज असा झाला की बाराशे रुपये भरले म्हणजे जागा मिळाली. मुलगी म्हणाली, "नाही पप्पा. स्टिकर म्हणजे जागा शोधायची परवानगी. जागा मिळेलच असं नाही."

जुलै महिन्यात तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. नऊची वेळ, ती साडेआठलाच पोचली. शेड भरलेली. शिपाई म्हणाला, मागच्या मैदानात लावा. मैदानात पावसाने घोटाभर चिखल झालेला. स्कूटर आत घातली ती रुतली. दोन मुलांनी ओढून बाहेर काढली. तोवर नऊला सात मिनिटे. मुलीने कंपाउंडच्या भिंतीला लागून, कोणाची वाट अडणार नाही अशी गाडी लावली आणि तशाच पायांनी वर पळाली. पेपर बरा गेला, हे नशीब नव्हे, तिची मेहनत.

पाचनंतर खाली येऊन पाहते तर पुढच्या चाकाला साखळी आणि सीटवर कागद चिकटवलेला, दंड पाचशे रुपये. दंड भरण्याची खिडकी पाचला बंद झालेली. आता उद्या दहा वाजता. साखळी लावणाऱ्यांना पाच वाजून गेल्यावरही काम होते, साखळी काढणाऱ्यांना नव्हते! मुलगी सात वाजेपर्यंत कोणीतरी येईल म्हणून थांबली, मग बसची वाट पाहत राहिली, आणि सव्वानऊला घरी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्यासोबत गेलो. गेटवरून सुरक्षा कार्यालयात, तिथून हिशेब विभागात, तिथून पुन्हा गेटवर. साहेब मीटिंगमध्ये. अडीच तास गेले. नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हटले, तर म्हणाले सगळ्यांना माहीत असते. पाचशे रुपये भरले. पावती मागितली, तर पावतीपुस्तक संपलेले. या अडीच तासांत आमची मुलगी एकदाही मोठ्याने बोलली नाही. आम्ही मात्र साखळी काढायला आलेल्या शिपायावर तोंडसुख घेतले. जे वरच्या साहेबाला ऐकवायचे होते ते सगळे त्या माणसाला ऐकवले.

तो गप्प उभा राहून ऐकत होता. आमच्या धाकट्या भावाच्या वयाचा असेल. आमचा श्वास संपल्यावर हळूच म्हणाला, "काका, तुमचं बरोबर हाय. पण मी साखळी नाही लावली तर माझा दिवस कापतात. बारा तास उभा असतो. कंत्राटदार निराळा, साहेब निराळा. मला तुम्ही पण बोलता आन् ते पण बोलतात." त्याच्या खिशाला अशोकचक्राची बारकी पिन लावलेली होती. आमचे लक्ष तेव्हा गेले. आम्ही जयभीम म्हणालो, तोही जयभीम म्हणाला. मग सांगू लागला, त्याची पोर दहावीला आहे, तिला तो याच संस्थेत घालणार आहे. "पण गाडी काय घेऊन देणार नाय बघा," असे म्हणून हसला. आम्हाला हसू आले नाही. लाज वाटली. ज्याच्या हाती नियम करणे नाही, नियम मोडणेही नाही, त्याच्यावरच आम्ही आमची मर्दुमकी गाजवली होती. अन्याय नेहमी आपला राग आपल्याच माणसावर काढायला लावतो, ही गोष्ट आम्ही शंभर भाषणांतून ऐकली होती. त्या दिवशी गेटवर ती कळली.

असो. आता घरची गोष्ट बाजूला ठेवून विषयाकडे वळू.

विद्यापीठातले पार्किंग हा जगभर भांडणाचा विषय आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर हे मोठे शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९६३ साली विद्यापीठांविषयी व्याख्याने दिली, त्यांत विनोदाने असे सुचवले की आपापल्या दिशेने धावणाऱ्या प्राध्यापकांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट कोणती असेल, तर ती पार्किंगची तक्रार. त्याच विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या प्राध्यापकांना गाडी लावण्याची राखीव जागा देतात. जगातला सर्वांत मोठा मान मिळवलेल्या माणसाला विद्यापीठ काय देते, तर गाडीला जागा! वाचून गंमत वाटते, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. आवारातली जागा कोणाला मिळते त्यावरून तिथे कोणाची किंमत किती हे कळते.

आपल्याकडे साधा हिशेब करून पाहू. बांधकामाच्या नियमांत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीसाठी एक मीटर रुंद व दोन मीटर लांब, म्हणजे दोन चौरस मीटर. याचा अर्थ एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या बसतात. इमारतीसमोर दुपारपर्यंत रिकाम्या राहणाऱ्या दहा राखीव जागा असतील, तर त्या साठ विद्यार्थ्यांच्या जागा आहेत. मोटार असणाऱ्या प्राध्यापकांशी आमचे वैर नाही. त्यांतले काही आपलेच आहेत आणि त्यांच्या मोटारीचा आम्हाला अभिमान आहे. पण चिखलात रुतलेली स्कूटर आणि सावलीतली रिकामी जागा एकाच आवारात दिसतात, तेव्हा विचारावे लागते, हे आवार कोणाच्या सोयीने आखले?

आणि जमीन तरी कोणाची? नवी मुंबईसाठी ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन गेली. सिडकोची स्थापना १९७० ची. इथल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. इतकी किंमत मोजून मिळालेल्या जमिनीवर शाळा-कॉलेजे उभी राहिली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिचा एक-एक चौरस मीटर नीट विचार करून वापरावा, ही अपेक्षा गैर नाही.

आपल्या माणसाचे आणि गाडीचे नाते तसे जुनेच दुखणे आहे. बाबासाहेब लहान असताना, १९०१ साली, भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. तरी चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्या लोकांनी त्यांचा मान राखण्यासाठी टांगा भाड्याने घेतला, पण हाकणारा आपलाच माणूस, त्याला सवय नाही. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आम्ही खोटे बोलणार नाही. आमच्या मुलीला गेटवर कोणी जात विचारली नाही. साखळी सगळ्यांच्याच चाकांना लागते. चाळीसगावचा टांगा आणि आजचे पार्किंग एका मापाने मोजणे हा बाबासाहेबांच्या यातनांचा अपमान होईल. मग ती आठवण का काढली? एवढ्यासाठी, की शिक्षणाच्या दारापर्यंत पोचण्याची वाट हासुद्धा शिक्षणाचाच भाग असतो, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार! प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि मूल दारातच अडले, तर ते अडणे लहान नसते. ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांचे पाचशे रुपये जातात. आपल्या मुलीचे पाचशे रुपये, एक रात्र आणि बापाचा अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

बाबासाहेबांनी स्वतः कॉलेज काढले तेव्हा काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे. तिथे सकाळचे वर्ग भरत, कारण दिवसा नोकरी करून शिकणारी मुले डोळ्यांपुढे होती. कॉलेजने आपले घड्याळ कष्टकरी विद्यार्थ्याच्या घड्याळाला जुळवून घेतले. आज कुठल्याही संस्थेला आमचे एवढेच सांगणे आहे. प्रयोगशाळा साडेसातपर्यंत चालत असेल, तर दंडाची खिडकी पाचला कशी बंद होते? साखळी लावण्याची सोय बारा तास, तर सोडण्याचीही बारा तास असू द्या.

दुसरी गोष्ट लेखी नियमाची. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी पास झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना कागदावर खुल्या झाल्या. पुढे महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आम्ही रायगडची माणसे, महाड आमच्याच जिल्ह्यातले. त्यातून आम्ही दोन धडे शिकलो. नियम कागदावर असला पाहिजे, आणि कागदावरचा नियम जमिनीवर उतरवायला आपण स्वतः गेले पाहिजे.

आता कायद्याचे चार शब्द. कापून ठेवा, घरात कोणाला तरी लागतील.

"गाडी मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी जागोजागी असते. ती पाटी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ साली गिऱ्हाइकाने मोटार व चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली, आणि मोटार चोरीला गेली. हॉटेलने पाटीकडे बोट दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा पाटीने झटकता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतक्या काळजीने सांभाळायची असते. फरक एवढाच लक्षात ठेवा: चावी आणि गाडी दोन्ही दिली, टोकन घेतले, तर तुमची बाजू भक्कम. नुसती जागा वापरली आणि चावी खिशात ठेवली, तर प्रकरण तितके सोपे नाही. म्हणून टोकन, पावती, स्टिकर, काहीही टाकून देऊ नका.

विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये नियम काढले. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. त्या समितीत किमान एक महिला, आणि अनुसूचित जाती-जमाती किंवा इतर मागासवर्गातली किमान एक व्यक्ती असली पाहिजे. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झाले नाही तर लोकपालाकडे अपील करता येते. प्रवेशाच्या वेळी जाहीर न केलेले पैसे मागणे ही त्या नियमांत तक्रारीची बाब आहे. हे नियम अभिमत विद्यापीठांनाही लागू आहेत. आपल्या मुलांना या समितीची माहिती नसते. फॉर्म भरताना माहितीपत्रक घेतात आणि त्यात शिष्यवृत्तीचे पान तेवढे वाचतात. पुढची पानेही वाचा.

संस्था सरकारी असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही दहा रुपये नाहीत. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. पार्किंगचे कंत्राट कोणाला, वर्षात किती वसूल झाले, त्यातले किती शेडवर खर्च झाले, एवढे तीन प्रश्न दीडशे शब्दांत आरामात बसतात.

आणि त्या शिपाईभावाविषयी. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतले तर दुप्पट दराने मोबदला, हे तत्त्व कामगार कायद्यात आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुले गेटवर, मॉलमध्ये, बँकेबाहेर अशी उभी आहेत. त्यांनी आपली नोंदणी कोणाकडे आहे, फंड कापला तर भरला जातो का, हे विचारावे. एकट्याने विचारण्याची भीती वाटते, हे आम्ही जाणतो. पाच जणांनी मिळून विचारावे.

आम्ही काय केले ते आता सांगतो. घरी आल्यावर मुलीची आई म्हणाली, "तिथं ओरडून आलात, आता इथं बसून लिहा." मग मुलीने आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी मिळून मराठीत साधा अर्ज लिहिला. त्यात शिवी नव्हती, घोषणा नव्हती. पाच मागण्या होत्या. पार्किंगचे नियम व दंडाचे दर गेटवर मराठीत लावा. प्रत्येक पैशाची पावती द्या. प्रयोगशाळा सुटेपर्यंत साखळी सोडायला माणूस ठेवा. परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांची जागा विद्यार्थ्यांना द्या. मागच्या मैदानात खडी टाका. आणि शेवटी एक ओळ आम्ही हट्टाने घालायला लावली, की गेटवरच्या कामगारांचा साखळ्या कमी लावल्या म्हणून पगार कापू नये. चाळीसच्या वर मुलामुलींनी सह्या केल्या. सगळ्या जातिधर्मांची मुले होती. चिखल जात विचारत नाही. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली.

तीन आठवड्यांनी गेटवर बोर्ड लागला. पावती मिळू लागली. खिडकी आता आठपर्यंत उघडी असते. परीक्षेच्या दिवसाची मागणी मान्य झाली. मैदानात खडी अजून पडलेली नाही, आणि आमचे पाचशे रुपये परत मिळाले नाहीत. शिपायांच्या पगाराचे काय झाले, ते कोणी सांगत नाही. म्हणजे सहापैकी चार गोष्टी झाल्या. दुसरा अर्ज तयार होतो आहे.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. दुसऱ्याच्या दाराशी न्याय मागणाऱ्याने आपले दार झाडून ठेवले पाहिजे. गेल्या १४ एप्रिलला आमच्या इथल्या कार्यक्रमाला आपल्याच माणसांनी गाड्या अशा लावल्या की शेजारच्या इमारतीतल्या आजारी बाईला न्यायला आलेली रिक्षा आत येईना. कार्यकर्ते माइकवरून गाड्यांचे नंबर ओतत होते आणि गाडीवाले भाषण ऐकण्यात दंग! बुद्धवंदना झाली, पंचशील झाले, आणि बाहेर दुसऱ्याची वाट अडलेली. शील पाळायला विहाराचा उंबरठा ओलांडून बाहेरही यावे लागते. पुढच्या वेळेपासून दोन तरुणांनी निळी पट्टी बांधून फक्त गाड्यांकडे पाहायचे, असे मंडळाने ठरवले आहे. इतर ठिकाणच्या मंडळांनीही ठरवावे.

आणि आई-बापांना एक सांगणे. दहावी पास झाला म्हणून पोराच्या हाती गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हप्त्यावर घेतलेली गाडी दाखवायला नसते, पोचायला असते. मुलगी रात्री उशिरा शिकून येत असेल तर जरूर घ्या. नाक्यावर मिरवायला हवी असेल तर ते पैसे तिच्या पुस्तकांना लावा.

मुलीच्या परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे. परवा ती सांगत होती, त्या शिपाईकाकांनी तिला विचारले, बारावीनंतर सायन्सला काय काय करता येते, पोरीला समजावून सांगशील का. येत्या रविवारी ते आपल्या मुलीला घेऊन कामोठ्याला आमच्या घरी येणार आहेत. ट्रेनने येतील. मानसरोवरला उतरून दहा मिनिटे चालत.

आपल्या मुलांना कॉलेजात असा काही अनुभव येत असेल, तर या सदराकडे जरूर लिहा. नावे छापणार नाही. जयभीम. नमो बुद्धाय.